आल्मीचं क्रियापद

फिनलंडच्या काइनू भागात तळ्याकाठी एकटी राहणारी आल्मी युन्टुनेन एकाहत्तर वर्षांची झाली, तरी तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती होत नसे. हेलसिंकीत बोलींचा शब्दकोश रचणारे पंडित तिच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना टपालाने शब्द पाठवत. अर्थ काय, तो आला कुठून, गावात कोण कसा वापरतं, हे चिठ्ठीवर लिहून धाडायचं. बावीस वर्षांत आल्मीची एकही चिठ्ठी चुकली नव्हती.

१९६२च्या मार्चमध्ये शब्द आला 'तार्येता', म्हणजे न गारठता थंडीत टिकणं. आणि त्याच दिवशी तिचा मुलगा तौनो तिला कायमची शहरात न्यायला आला.

"आई, खोली तयार आहे. भिंतीतल्या नळ्यांतून ऊब येते, लाकडं फोडायला नकोत. आता पुरे झाला हट्ट."

"मला थंडी सोसत नाही, असं कोण म्हणालं?"

"तुझं वय म्हणतंय."

"मग चल जाळं काढायला! मी आधी गारठले तर गुपचूप गाडीत बसते. तू गारठलास तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तौनो हसला. चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट गडी तो!

तळ्यावर हातभर जाडीचं बर्फ होतं. त्याखालचं जाळं बर्फात पाडलेल्या भोकातून उघड्या हातांनीच ओढावं लागतं, हातमोज्यांत गाठी सुटत नाहीत. तिसऱ्या माशाला तौनोची बोटं वळेनात. आल्मी मात्र हात मांडीवर आपटत, माशांना शिव्या घालत जाळं ओढत राहिली. हात तिचेही ठणकत होते, पण घर सोडायचं म्हटलं की त्याहून जास्त ठणकायचं.

"एन तार्केने!" तौनो ओरडला. 'तार्येता'चंच नकारी रूप: नाही सोसत ही थंडी!

"पुन्हा म्हण. नीट ऐकू दे."

घरी येऊन, कॉफी चुलीवर ठेवून आल्मी चिठ्ठी लिहायला बसली. अर्थ: थंडीला पुरून उरणं. कुठून आला: आईकडून, याच घरात. उदाहरण: 'एन तार्केने.' बोलणारा: तौनो युन्टुनेन, वय ४४, शहरात उबेत राहतो.

"आई, निदान माझं नाव तरी खोड गं."

"शब्दकोशात खोटं चालत नाही. आणि जाताना टपालात तूच टाक."

तौनोने चिठ्ठी खिशात ठेवली आणि रिकामी गाडी घेऊन तो निघाला.