सुतकात मेलेले मैल

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, यवतला दिलेल्या माझ्या आक्काजवळ नाही. एकदा घोडनदीच्या पुलाअलीकडं गाडी बाजूला घेऊन, काचा वर करून, एकट्यानं मोठ्यानं बोलून बघितलं होतं. अर्ध्यातच थांबलो, गाडी चालू केली आणि कामावर गेलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या आबांना ओळखत नाही. ओळखत असता तर — नाही, मग तोंड उघडलंच नसतं.

आणि रडकं काही ऐकायला मिळंल अशा आशेनं बसू नका. मला राग आलाय. कुणाचा आलाय, ते कळेलच.

माणसं मला दिलदार म्हणतात, राव. शिरूरला विचारून बघा. भानुदास? अहो, तो कुणाला बिल देऊ देत नाही. हॉटेलात जेवण उरकलं की आपल्याकडं गल्ल्यापाशी जी झोंबाझोंबी होते ना — याचा हात धर, त्याचा खिसा धर, माझी शपथ हाय बघ — त्यात मी कैक वर्षं हरलेलो नाही. का हरेन? मला बिल द्यायचंच होतं. माझ्याच कार्डानं द्यायचं होतं. कुणी नंतर आपल्या वाट्याच्या नोटा खिशात कोंबल्या तर मी नको नको म्हणत घ्यायचो. एवढ्या वर्षांत एकालाही संशय आला नाही, याचासुद्धा मला राग येतो.

ते कार्ड विमानाच्या योजनेला जोडलेलं आहे. योजनेच्या यादीतल्या हॉटेलात जेवायचं, त्याच कार्डानं बिल भागवायचं, की तुमच्या नावावर मैल पडतात. मैल पुरेसे साठले की विमानाचं तिकीट फुकट. पुण्यात अशी हॉटेलं ढिगानं आहेत. आमच्या बाजूला दोनच. एक शिरूरच्या बाहेर नगर रोडला, दुसरं यवतजवळ सोलापूर रोडला. मग कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं प्रमोशन असो, कुणाच्या दारात ट्रॅक्टर आलेला असो, मी सगळ्यांना या दोन हॉटेलांत ओढायचो. मंगळवारी दुप्पट मैल पडायचे, म्हणून चुलतभावाच्या पोरीचं बारसं मी एक दिवस पुढं ढकलायला लावलं. कारण काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, सोमवारी हॉल रिकामा नाही. रिकामा होता.

पण हे नव्हे सांगायचं. असल्या लबाड्या सगळेच करतात. थांबा, सांगतो.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही धनगर. आता न्हावऱ्याला ऊस आहे, कांदा आहे, चार गाया आहेत. पण आबांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन वरंधा घाटानं कोकणात उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर यायचं. आई बरोबर. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि तिच्या पाठीला बांधलेला मी. मला त्यातलं काही आठवत नाही. मी शिकलो, एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला लागलो, आणि शिरूरला फ्लॅट घेतला.

आक्काचं घर बांधून झालं तेव्हा सगळे यवतच्या त्या हॉटेलात जेवत होतो. मी मोबाइलमध्ये काय बघतोय म्हणून आबांनी विचारलं. सांगितलं. जेवलं की मैल मिळतात हे ऐकून त्यांचा हात ताटावर थांबला. म्हणाले, "आमी उपाशीपोटी मैल तुडवलं, आन् हितं बसून खाल्लं तरी मैल व्हत्यात?" सगळे खो खो हसले. हसू थांबल्यावर आबांनी हळूच विचारलं, त्या विमानातनं कोकणाची वाट दिसती का? मी म्हटलं, पुण्याहून गोव्याला जाताना खिडकीशी बसलं की सगळा घाट पायाखाली. आई फार बोलणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी बोलली. म्हणाली, "ज्या वाटंनं पाय घासलं ती वरनं कशी दिसती, येकदा बघायची हाय मला."

तिथनं पुढं भावकीत ते नावच पडलं. आज जेवायला कुठं? आबांच्या विमानात. ज्याला हॉटेलचं खाणं सोसत नाही तोसुद्धा यायचा. माणसं पोट भरल्यावर वर एक प्लेट मागवायची, का तर आबांच्या विमानाला. आणि आबांना मैल म्हणजे मैल. योजनेतला मैल वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा, हे मी दहादा समजावलं. त्यांनी एकदाही कानावर घेतलं नाही. दर वेळी विचारायचे, "कुठवर आलो?" मी आकडा सांगायचो, आणि ते डोळे बारीक करून मनातल्या मनात चालून यायचे. म्हंजी काशी मागं टाकली. म्हंजी आता हिमाल्याचा गारठा लागला आसंल. पनीर त्यांना रबर वाटायचं, तरी चावून चावून खायचे आणि पोरांना म्हणायचे, "खा रं, आजून लय चालायचं हाय."

आता खरं सांगू? दोघांच्या जाण्यायेण्याला लागणारे मैल दिवाळीतच पुरे झाले होते. मग काढलं का नाही तिकीट? कारण काढलं असतं तर आकडा खाली आला असता. तो आकडा वाढताना बघायची मला चटक लागली होती. बायको पलीकडं पोळ्या लाटायची आणि मी इकडं बोटानं स्क्रीन खाली ओढून ओढून बघायचो, वाढले का, वाढले का. आणि दुसरं — आबा एकदा उडून आले की संपलंच की. मग माझ्याभोवती कोण गोळा होणार? दिलदार कुणाला म्हणणार?

संक्रांतीच्या सुमारास आईच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसराही फार टिकायचा नाही; त्यांना काही दाखवायचं असेल तर या वर्षात दाखवा. हे मला सांगितलं होतं. आबांना नाही, आक्काला नाही. मला. आबा तेवढ्यात काय समजायचं ते समजले. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, आता बास झालं खाणं, जेवढं साठलंय त्यात बसव तिला. मी म्हटलं, होळी होऊ द्या.

होळी झाली, आणि कंपनीनं मला साहेबांबरोबर सिंगापूरला मशीन बघायला पाठवायचं ठरवलं. साहेबांचं तिकीट विमानाच्या पुढच्या भागात, पडद्याच्या अलीकडं. माझं मागं. कंपनीचा नियमच तसा आहे, त्यात कुणी माझा अपमान केलेला नव्हता. पण मला ते गिळेना. ज्या साहेबांना मी वर्षभर यवतचं मटण खिलवलं, त्यांच्यासमोरून पिशवी घेऊन पडद्यामागं जायचं? वेबसाइटवर लिहिलेलं होतं — मैल वापरा आणि पुढची सीट घ्या. घेतली. जातानाची घेतली आणि येतानाचीही घेतली. सगळे मैल गेले. बारशाचे गेले, ट्रॅक्टरचे गेले, आबांनी चावलेल्या रबराचेही गेले. वाईट वाटलं का? अजिबात नाही. उलट शीळ घालत चहा केला मी.

आणि साहेब? साहेब बसल्या बसल्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढून झोपले. उतरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझी सीट खिडकीची होती. मी झडप खाली ओढून घेतली, कारण ऊन समोरच्या स्क्रीनवर येत होतं आणि मला पिक्चर दिसत नव्हता. कुठला पिक्चर? ते पण आठवत नाही.

परत येऊन आठवडा झाला नसेल तोच यवतला भिवातात्या वारले, आबांचे सख्खे चुलतभाऊ. सुतक लागलं. त्याच दिवसांत आक्काच्या मुलीचा वाढदिवस होता, हॉटेल ठरलेलं होतं. आबांनी निरोप धाडला, सुतकात कुणी हॉटेलात बसायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मोठे म्हणून त्यांनीच सांगायचं होतं.

दहाव्याला सगळी भावकी यवतला जमली. विधी झाला, जेवणं झाली, माणसं मांडवात जरा टेकली, आणि कुणीतरी विषय काढलाच — मग आबांचं विमान कवा? सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. आईचं पण वळलं, चांगला डोळा पुढं करून. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणालो, मैल गेले. दर पंधरवड्याला एक तरी जेवण पडावं लागतं. या खेपेला सुतकामुळं पडलं नाही, म्हणून सगळे मेले.

असला नियम कुठंही नाही. मी तिथं उभ्या उभ्या तो तयार केला. आणि बघा, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पुण्याचा माणूस म्हणाला असता, दाखव कुठं लिहिलंय. आमच्यात सुतकात काही मेलं म्हटल्यावर विचारणार कोण? दहा दिवस देवाचा दिवा लागत नाही, तिथं विमानाचे मैल कसे जगणार? मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो शब्द वापरला.

आबा उठले. डोक्याचा पटका काढून हातात घेतला. आंघोळ सोडली तर मी त्यांचं डोकं कधी उघडं बघितलेलं नव्हतं. भावकीपुढं वाकून म्हणाले, "माझ्यासाठी समद्यांनी येवढं खाल्लं. माझ्या येका शब्दापायी वाया गेलं. माफी असावी." वाक्य ऐकून हसू येतं ना? मला तिथं आलं होतं, हे पण सांगून टाकतो. मी तांब्या उचलला आणि तोंड लपवायला घटाघटा पाणी प्यालो. माझ्या बापाचा पटका त्याच्या हातात होता आणि मी पाणी पीत होतो.

तुम्ही म्हणाल, अरे भल्या माणसा, विकत घ्यायचं होतंस तिकीट. गोव्याचं तिकीट म्हणजे काही जहागीर नव्हे. खरं आहे. महिन्यानं न्हावऱ्याला गेलो आणि म्हटलं, आबा, मी काढतो तिकिटं. ते नाही म्हणाले. चूक माझी, भुर्दंड तुला कशापायी? पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. त्यांना उठवायला एकच वाक्य लागत होतं — चूक तुमची नाही, मैल मी उडवले. तेवढं बोललो असतो तर त्यांनी कानाखाली वाजवली असती, आणि मग पटका बांधून आईला घेऊन निघाले असते. मी बोललो नाही. गाडीत येऊन बसलो तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटलो असं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं असं वाटलं. या रागाला मी कुठं ठेवू? साहेबांवर काढू? योजनेवर? योजनेनं तर माझ्याशी एक शब्द खोटा केला नाही.

कार्ड अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात मेसेज आला, अभिनंदन, तुमचे मैल वाढले. अजून मीच बिल देतो. मंगळवारीच देतो.

आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आबा तिला हाताला धरून ओट्यावर आणून बसवतात, भाकरी मोडून ताटात देतात, आणि ती त्यांच्याशी धड बोलत नाही. जन्मभर एका कळपामागं चाललेली माणसं ही. घाटात कधी भांडली नाहीत, निदान आक्का तरी तसं सांगते. पुण्याला उतरणारी विमानं कधी कधी आमच्या वस्तीवरून जातात. आवाज आला की आई मान वर करते, भलतीकडंच बघते आणि म्हणते, "तुमच्या सुतकापायी माझं बघायचं ऱ्हायलं." आबा म्हणतात, "व्हय."

काल रविवार होता, मी न्हावऱ्याला जेवायला होतो. विमान गेलं. आई म्हणाली. आबा व्हय म्हणाले. मी दोघांच्या मधे ताट मांडीवर घेऊन बसलो होतो. तोंडातला घास गिळला, आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.