पायापासून तपासणाऱ्या मॅडम

आमच्या डॉक्टर मॅडम पेशंटचा चेहरा नंतर बघायच्या, आधी पाय धरायच्या. वॉर्डात शिरल्या की थेट खाटेच्या पायथ्याशी जाऊन चादर वर करायच्या आणि अंगठा मुठीत घ्यायच्या. बालाघाटकडे लेकीनं वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावायचा नसतो. म्हातारे दचकून पाय ओढून घेत. "बेटी, पाप लागंल मले!"

"ओढला ना पाय? मग बाबा ठीक आहे," मॅडम हसायच्या. "जो ओढत नाही, त्याची मले भीती वाटते."

मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. थंड पाय आणि भलतंच बोलणं एकत्र दिसलं, की हातातला चहा टाकून पळत यायचं, असा मला हुकूम होता.

एकदा लांजीकडची एक सून सासूला घेऊन आली. म्हातारी भिंतीशी भांडत होती. "बीपी दिमागात चढला, बाई. मी अजून एक गोळी देली," सून म्हणाली. तुम्हीही हे पाहिलं असेल. घरचं म्हातारं माणूस बरळायला लागलं की बीपी चढला म्हणायचं, आणि गोळी द्यायची. मी पट्टा बांधला तर बीपी पार तळाला गेलेला. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं होतं, त्यात ही दुप्पट गोळी. मी सुनेवर तोंड टाकणार, तेवढ्यात मॅडमनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"सेवाच करून राह्यली होती ते," नंतर त्या म्हणाल्या.

सलाईन चढलं. संध्याकाळी म्हातारीनं डोळे उघडले आणि सुनेला पहिला प्रश्न केला, "म्हैस कोण दोहून राह्यलं घरी?" मॅडमना कोण आनंद झाला!

नव्या डॉक्टरांना त्या बजावायच्या, "बरळणारा येडा नसते. पाणी गेलं का, आत कुठं रक्त गेलं का, ताप रक्तात भिनला का, हार्ट थकलं का, गोळी जास्त झाली का, हे पाहा. मग बोला."

मॅडमनी लग्न केलं नाही. वडील तिरोडीच्या खाणीत कारकून होते, शनिवारच्या बसनं घरी यायचे. मॅडम डॉक्टरीच्या परीक्षेला बसल्या होत्या तेव्हा ते गेले. घरच्यांनी परीक्षा संपेपर्यंत कळवलंच नाही. "भेट राह्यली," एवढंच त्या एकदा माझ्याजवळ बोलल्या आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळल्या.

त्या निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून त्यांच्या घरी जायची. गेल्या उन्हाळ्यात गेले तर त्या चांगली साडी नेसून ओट्यावर बसलेल्या. "बस आली का गं? बाबा येऊन राह्यले." मी पाय धरला. थंडगार होता, आणि त्यांनी तो ओढला नाही. लघवीच्या संसर्गाचं विष रक्तात गेलं होतं.

त्या वेळी आमच्याच वॉर्डात नेऊन आम्ही त्यांना परत आणलं. शुद्धीवर आल्यावर त्या माझ्यावरच रुसल्या. "काहून जागं केलं मले? बाबा उतरतच होते."

"मॅडम, बीपी लागत नव्हता तुमचा!"

"हौ, माहीत आहे मले," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी दोन्ही हातांना सलाईन, भारी इंजेक्शनं, सगळं चालू होतं, पण बीपी काही वर येईना. तरुण डॉक्टर खांदा हलवून विचारत होते, "मॅडम, आप कहाँ हैं? आज कौनसा दिन है?"

"शनिवार," मॅडम म्हणाल्या. होता मंगळवार.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या कानाशी वाकले. आजही वॉर्डात मला मॅडम हव्याशा वाटतात, पण त्या दुपारी त्यांना इकडे ओढून आणायची मला इच्छा झाली नाही.

"बस आली का, मॅडम?"

"हौ," त्या म्हणाल्या. "जरा सरक. उतरू दे त्याईले."

मी सरकले.