धावणं पाहायला गावात आलेल्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिलाताई वानखडे यांना मी पहिल्यांदा भेटले ती अमरावतीच्या त्यांच्या फिजिओथेरपी केंद्रात, बाबांचा हात धरून लंगडत. पोलिस भरती तोंडावर आली होती आणि थोडं धावलं की डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू पेटल्यासारखी दुखायची. जिना उतरणं त्याहून वाईट. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात बाबा वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात. ते थेट मुद्द्यावर आले.

"डाक्टरीनबाई, सुई मारून द्या. भरती झाली की करन मंग आराम."

ताईंनी आधी गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का, ते तपासलं. तसं असतं तर त्या मला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवणार होत्या. मग बाबांना म्हणाल्या, "सुईनं दुखणं दबन भाऊ. पोरीले समजणारच नाई अन् ते आणखी धावन. मले सांगा, धावते कुठी?"

"रोडनं. वावरात धावन काय?"

सुटीच्या दिवशी ताई रेल्वेने चांदूरला उतरल्या आणि सकाळीच आमच्या गावात आल्या. माझं धावणं त्यांनी मागून, पुढून पाहिलं. आमचा रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता. मी जाताना डाव्या कडेने धावायची, येतानाही डाव्याच, त्यामुळे डावा पाय सतत खालच्या बाजूला पडायचा. भरतीच्या घाईत मी अंतरही एकदम वाढवलं होतं. नितंबाचे स्नायू कमकुवत असल्याने प्रत्येक पावलाला गुडघा आत झुकत होता. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा जाड पट्टा त्यामुळे हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो, हे त्यांनी ओट्यावर बसून आईलासुद्धा समजावून सांगितलं. आईने वाढलेली भाकर आणि वांग्याची भाजी त्या पोटभर जेवल्या.

मग म्हणाल्या, "यंदाची भरती सोड."

बाबा उठून बाहेर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलत. ताई मात्र दर आठवड्याला त्यांनाच फोन करत. "पोरगी कुशीवर झोपून पाय उचलून राहिली का? तुमी पाहा, तिचं तिले समजत नाई." हळूहळू बाबाच मला व्यायामाची आठवण करू लागले. दुखणं थांबल्यावर सपाट मैदानावर थोडं थोडं धावणं सुरू झालं, आणि दुखलं तर तिथेच थांबायचं, हा ताईंचा नियम होता.

पुढच्या भरतीत मी आठशे मीटर न दुखता धावले. लेखी परीक्षेत मात्र राहिले. रडतच ताईंकडे गेले. त्यांनी समजूत घातली नाही, फक्त विचारलं, "तुले भरती पायजे होती का धावणं?"

"धावणं," मी म्हणाले.

"मंग शिक, अन् शिकव."

शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम मी त्यांच्याच आग्रहामुळे पूर्ण केला. शिकताना संध्याकाळी त्यांच्या केंद्रात बसू लागले. परतवाड्याचे एक शिक्षक सायकलने चिखलदऱ्याचा घाट चढत. त्यांचाही गुडघा बाहेरून दुखे. ताई म्हणाल्या, "सायकल आणा." पोर्चमध्ये भिंतीला धरून त्यांना जागच्या जागी उलटं पेडल मारायला लावलं. सीट इतकी उंच होती की पेडल खाली जाताच पाय पूर्ण ताणला जाई आणि कंबर डोले. ताईंनी स्वतः पाना घेऊन सीट खाली केली आणि काही आठवडे घाट बंद ठेवायला सांगितलं.

"मॅडम, एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच नाई. व्यायाम तुमालेच करा लागन."

आज मी अकोल्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींना धावायला लावण्याआधी मी रस्ता पाहते. गेल्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी गुडघा धरून बसली, तेव्हा तिची आई चिडून म्हणाली, "स्पर्धा आठ दिवसांवर अन् तुमी तिले बसवून राहिल्या?" त्या माउलीला काय सांगायचं हे मला ताईंमुळे ठाऊक होतं. स्पर्धा हुकली. ती मुलगी आता पुन्हा धावते आहे.

प्रमिलाताई साठ वर्षांच्या होत आहेत. केंद्रात गर्दी असली की त्यांचं दुपारचं जेवण चुकतं, आणि त्यावर कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. आम्हा सर्व शिष्यांच्या वतीने मी आज ते जाहीरपणे बोलते आहे. ताई, वेळेवर जेवा, आम्हाला रागवायला खणखणीत राहा. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो.