एकाऐवजी तीन कप

सालामिना गावाच्या वरच्या डोंगरवाडीत बेचाळीस घरांचं पाणी नोएमी बुरितिकाच्या हातात आहे. रोज पहाटे ती झऱ्यावर चढते, जाळीत अडकलेला पाला काढते, टाकीच्या चाव्या फिरवते. निसरड्या कड्याचं तिला काही वाटत नाही, सापाचंही नाही. पण चार माणसं एकदम तिच्याकडे बघायला लागली की छातीत धडधड, हाताला घाम, आणि तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! स्वतःच्या लग्नातही पाद्रीबाबांना तिला दोनदा विचारावं लागलं होतं.

चार वर्षांपूर्वी औषधवाल्या एवेलियोने तिला या धडधडीवर मॅग्नेशियम क्लोराइडची पुडी दिली. पाणी उकळून निववायचं, काचेच्या बाटलीत पुडी विरघळवायची, आणि सकाळी त्या पाण्याचा, कॉफीच्या मापाचा, एक छोटा कप घ्यायचा. "एकच हं, बाई. जास्त झालं तर पोट धरून पळशील," तो म्हणाला होता. चव म्हणजे कडूजहर, पण नोएमीने एक दिवस चुकवला नाही. झोप बरी लागू लागली. धडधड कमी झाली का, हे मात्र तिला कधी नीट सांगता आलं नाही.

यंदा झऱ्याच्या वरची जमीन आवोकाडोच्या बागवाल्यांनी घेतली आणि पाणीही मागितलं. नगरपालिकेत सुनावणी लागली. जानेवारी आणि जुलै या कोरड्या महिन्यांत झरा किती देतो हे एकट्या नोएमीला ठाऊक. ती बोलली नाही तर वाडीचं पाणी गेलंच म्हणायचं.

"मी लिहून देते, तू वाच," ती धाकट्या बहिणीला, रुबिएलाला म्हणाली.

"आणि त्यांनी उलट विचारलं तर? मी काय झऱ्याला फोन लावू?"

सुनावणीच्या सकाळी नोएमीने एकाऐवजी तीन कप रिचवले. भित्र्या माणसाचा हिशेब असाच असतो: भीती तिप्पट, तर औषधही तिप्पट! जीप गावात पोचेपर्यंत पोटात गुरगुर सुरू झाली, आणि नावाचा पुकारा झाला तेव्हा बाईसाहेब संडासात.

रुबिएला दार बडवत होती. "अगं, बाहेर ये! त्यांचा वकील बोलूनसुद्धा बसला!"

"येता आलं असतं तर आले नसते का!"

ती बाहेर आली तेव्हा सुनावणीचे अध्यक्ष कागद गोळा करत होते. "बाई, तुमची वेळ गेली."

साठ तोंडं तिच्याकडे वळली. छाती तशीच धडधडली, तीन कपांनी काडीचा फरक पडला नव्हता. आयुष्यभर ती धडधड थांबायची वाट बघत आली होती. ही काही थांबत नाही, हे तिला त्या दारात उभ्या उभ्या कळलं, आणि तिला रागच आला.

"गेली खरी. पोट बिघडलं होतं," ती म्हणाली. सगळे हसले. "हसा. पण ऐका. जानेवारीत वीस लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागतात. त्यावर बेचाळीस घरं जगतात. वर बाग आली तर प्यायला राहील का?"

"हे मोजलं कोणी?" वकिलाने विचारलं.

"मी. अकरा वर्षं. खोटं वाटत असेल तर उद्या सहाला वर या, बूट घालून."

अध्यक्षांनी कागद पुन्हा खाली ठेवले. "मोजणी होईपर्यंत परवानगी थांबवतो. आता बसा, बाई. किती थरथरताय तुम्ही."

"थरथरू दे," नोएमी म्हणाली. "जुलैचे आकडे सांगायचे राहिलेत."