सायकलवरून उतरलेला माणूस

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज झेंडावंदनाला निघताना बायको म्हणाली, "अहो, पदक लावा की. कपाटात ठेवायला मिळवलंत का?" मी लावलं. राष्ट्रगीत सुरू झालं तसा रस्त्यावरचा एकजण सायकलवरून उतरून स्तब्ध उभा राहिला, आणि माझी मान खाली गेली.

हे पदक श्रीलंकेतल्या यादवीत भारतीय शांतिसेनेतून केलेल्या सेवेचं. आमच्या चौकीपुढून सायकल हातात धरून चालत जायचा नियम होता. एक तमिळ मास्तर रोज उतरायचे, हसायचे. एका दुपारी तापाने फणफणलेल्या मुलीला मागे बसवून ते न उतरताच आले. मी बंदूक रोखली. झडती संपेपर्यंत दोघांना उन्हात उभं केलं. मुलगी दवाखान्याच्या वाटेवरच दगावली.

माणूस आदराने उतरतो, तसाच भीतीनेही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

पुढे मास्तर आले ते पार लांबूनच उतरून. कॅरिअर रिकामं होतं. 'माफ करा' हे मी त्यांच्या भाषेत शिकून ठेवलं होतं. ते माझ्यासमोर थांबले. मी नुसती हाताने खूण केली, जा.