मृणालीचे खाडीकाठचे रविवार

जालन्याकडच्या मंठ्याहून मृणाली रोह्याला आली तेव्हा तिच्या सामानात साधी छत्रीही नव्हती. धाटावच्या एका कंपनीत तिला लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि रोह्याजवळच्या वरश्यात हुमेराभाभींच्या घरावरची खोली भाड्यानं मिळाली होती. पहिला पगार झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, रेनकोट घे. तिनं जुन्यातला एक कॅमेरा घेतला. टँकरमागे धावण्यात लहानपण गेलेलं. इथं दिवसरात्र पागोळ्यांतून फुकट वाहून जाणारं पाणी बघून तिला काय करू नि काय नको असं व्हायचं.

आठवडाभर नमुने तपासायचे आणि रविवारी स्कूटी काढायची. एकदा निडीच्या मागच्या डोंगरात धुकं उतरलं आणि ती वाट चुकली. एका गुराख्यानं तिला पार रेल्वेच्या रुळांपर्यंत आणून सोडलं. एकदा कुंडलिकेच्या काठावर घसरली आणि कॅमेरा वाचवायच्या नादात मनगट मुरगळून घेतलं. त्यात भिंगावर बुरशी चढली. हुमेराभाभी हसल्या, "अगो, इथं कपाटातली चप्पल हिरवी होते, तुझी काच काय टिकणार!" आणि भिंग ठेवायला त्यांनी आपला घट्ट झाकणाचा तांदळाचा डबा रिकामा करून दिला.

अशीच भटकत ती नागोठण्यावरून पेणच्या खाडीकडे गेली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधावर एक बाई चिखल थापत होती.

"काय गो पोरी, कोनाची तू? भिजतेस कशाला?"

"फोटो काढायला आलेय, मावशी."

"चिखलाचा? काढ बाय, चिखल रग्गड हाय."

ती इंदुबाई. नवरा गेलेला, मुलगा निलेश धाटावलाच दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडे. शेत तिचं तीच बघायची. त्या दिवशी तिनं मृणालीला तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोळंबीचं कालवण वाढलं, आणि मग मृणालीचे रविवार तिथंच जायला लागले. चिखलात पाय कसा टाकायचा, उधाण कधी येणार, सगळं इंदुबाई बोलता बोलता सांगायची. आईशी फोनवर जे बोलता येत नसे तेही मृणाली तिच्यापाशी बोलून जायची.

श्रावणातल्या अमावास्येला रविवार आला. लावणी होऊन भात चांगलं हिरवंगार झालं होतं. दुपारच्या उधाणाची लाट पहावी म्हणून मृणाली बांधावर उभी होती. वारा सुटला होता आणि पाणी बांधाच्या माथ्याला हात लावेल इतकं वर आलं होतं. तेवढ्यात तिला शेताच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, बोटभर जाडीची धार दिसली.

"मावशी, इथून पाणी येतंय!"

इंदुबाई धावत आली, बघितलं आणि सरळ खाली उतरून त्या भोकावर पाठ टेकून बसली. "चिखल घाल! घाल लवकर!"

मृणालीनं कॅमेरा गवतात टाकला आणि दोन्ही हातांनी चिखल ओढायला लागली. ती घालायची तेवढा वाहून जायचा. धार मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. ती ओरडत गावाकडे पळाली. गावात होती म्हातारी माणसं आणि बायका. तरणे सगळे कंपनीत नाहीतर मुंबईला. ती माणसं गोण्या घेऊन आली, जमेल तसं धावत.

तिनं निलेशला फोन लावला. तो बंद. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? मग तिनं त्याच्या कंपनीच्या गेटवर फोन केला.

"सुपरवायझरला निरोप देतो," वॉचमन म्हणाला. "पण शिफ्ट सुटल्याशिवाय नाय सोडणार ओ."

ती परतली तेव्हा इंदुबाईला दोघांनी धरून बाहेर ओढलं होतं. बांध खचला होता. गाव ज्याला खांड म्हणतं, ती पडली होती. गोणी टाकली की पाणी ती काडीसारखी उचलून शेतात भिरकावायचं. थोड्या वेळानं कोणी गोण्या टाकेनासं झालं. सगळे नुसते उभे राहिले. हिरवं भात आधी हललं, मग वाकलं, मग दिसेनासं झालं. इंदुबाई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "खारं गेलं गो सगळ्यात."

निलेश संध्याकाळी आला. ओहोटी लागलेली. आईजवळ उकिडवा बसला आणि तिच्या पायाचा चिखल हातानं पुसत राहिला.

नुकसानीच्या पाहणीला सरकारी साहेब आले तेव्हा मृणालीनं मुद्दाम रजा घेतली. तिच्याकडे त्या शेताचे आधीचे कितीतरी फोटो होते. साहेबांनी ते बघितले, "छान आहेत," म्हणाले, आणि स्वतःच्या मोबाईलवर दोन काढून निघून गेले. बांध त्या वर्षी कोणी बांधला नाही. प्रत्येक भरतीला पाणी येत राहिलं.

थंडीत त्या पाण्यावर पक्षी उतरले. बगळे, शेकाट्या, आणि एके सकाळी लांबच लांब पायांचे गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. वर्षभर भटकून असं काही तिच्या कॅमेऱ्यात आलं नव्हतं. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. शेजारी इंदुबाई उभी होती.

"काढ ना."

"नको वाटतं, मावशी."

"काढ गो. नायतर काय पिकतंय आता तिथं."

मृणालीनं फोटो काढले. लोकांना ते फार आवडले. कंपनीनं त्यातला एक कॅलेंडरवर छापला. तो इंदुबाईला दाखवायचा धीर तिला अजून झालेला नाही.

होळीनंतर इंदुबाई पेणला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. मूर्तींना घासकागद मारायचं काम. मृणाली रविवारी तिथं जाते. कारखान्याच्या दाराशी दोघी चहा पितात. इंदुबाईच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी धूळ असते. मृणाली विचारते, "दमलात?" इंदुबाई म्हणते, "नाय गो, सावलीत बसून काम हाय." आतून हाक आली की इंदुबाई पदर झटकून उठते, आणि मृणाली दोघींचे पेले शेजारच्या चहाच्या टपरीवर नेऊन देते.