पॉवरहाऊसच्या रस्त्यावरची हाक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती आता नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे. बहुधा तुम्ही तिला ओळखत नव्हतात म्हणून.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. स्टुटगार्टच्या एका कंपनीत मी इंजिनियर होतो. कंपनीनं मला आल्प्सच्या कुशीतल्या एका चिमुकल्या गावी धाडलं. तिथल्या पॉवरहाऊसची टर्बाइनं बदलायची होती. लग्न नुकतंच झालेलं. विमल पुण्याहून आली ती थेट त्या बर्फात. गाव इतकं शांत, की शेजारच्या गोठ्यात गाईनं मान हलवली तरी तिच्या गळ्यातली घंटा आमच्या खोलीत ऐकू यायची. विमलला जर्मन येत नव्हतं. अख्ख्या गावात तिच्याशी बोलणारा माणूस एकच — मी. आणि मी तर दिवसभर कामावर.

ती मला ‘अहो’ म्हणायची. आपल्याकडच्या बायका म्हणायच्या तशीच. पण एकदा भर बाजारात तिनं लांबून हाक मारली, आणि पावाच्या दुकानातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, नावानं हाक मार. तिनं प्रयत्न केला हो! लाल झाली, पदरात तोंड लपवून हसली, म्हणाली, “जीभच वळत नाही.” मग मी बजावलं, चारचौघांत हाकच मारायची नाही. तिनं ऐकलं. एकदासुद्धा तिनं तो नियम मोडला नाही.

हे लक्षात ठेवा. मी काही केल्या विसरू शकलेलो नाही.

तिथं रविवारी चर्च सुटलं की पुरुषमंडळी गास्टहाऊसमध्ये, गावातल्या खाणावळीत, बिअर प्यायला जमत. खिडकीपाशी एक राखीव टेबल — श्टामटिश. गावातल्या जुन्या खोडांचं. बाहेरच्यानं तिथं बसायचं नाही, असा रिवाज. मी वर्षभर त्या टेबलाकडे आशाळभूतासारखा बघत होतो. हसू नका. परक्या गावात वर्ष काढून बघा — कुणी ‘ये, बस’ म्हणावं म्हणून माणूस काय काय करतो! आणि त्या रविवारी माझ्या फोरमननं खुर्ची सरकवली. ये, बस म्हणाला.

घरी मात्र मी सांगून निघालो होतो, की वर पॉवरहाऊसवर जातोय. बिअर पितो हे विमलला कळायला नको होतं. तिला सातवा महिना होता. पुण्याला असती तर एव्हाना थाटात डोहाळजेवण झालं असतं. इथं ती माझा जुना ओव्हरकोट साडीवर चढवून खिडकीशी बसलेली असायची.

आमचा दुसरा ग्लास चालू होता. आणि बाहेरून हाक आली.

“अहो —!”

पॉवरहाऊसकडे जाणारा चढ गास्टहाऊसवरूनच जात होता. ती मला शोधायला वर निघाली होती. मी वर आहे, असं मीच सांगितलं होतं ना! पुन्हा हाक आली. डोंगरावर आपटून परत आली. टेबलावरचे हसले. एकानं तोंडाशी हात धरून नक्कल केली — गाईंना हाळी घालतात तशी. फोरमननं विचारलं, “तुझी बायको ना? तुला बोलावतेय का?”

मी म्हणालो, “छे. माझं नाव काही तसं नाही.”

मी असं म्हणालो.

किती वर्षं मी स्वतःला समजावलं, की मला काही कल्पना नव्हती. थापा! ती चारचौघांत हाक मारणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ती हाक मारतेय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय — हे मला पहिल्या हाकेलाच कळलं होतं. आणि तरी मी उठलो नाही. का? उठलो असतो तर पावाच्या दुकानातल्या त्या पोरी हसल्या तशी ही माणसंही माझ्या तोंडावर हसली असती. एवढंच. याहून मोठं काही नाही.

हाका थांबल्या. मला हायसं वाटलं — हेही सांगून टाकतो.

गास्टहाऊसची मालकीण, फ्राऊ लेष्नर, मागच्या दारानं राख टाकायला गेली होती. तिला विमल वळणावर पोट धरून बर्फात बसलेली दिसली. ती ओरडत आत आली. सगळे धावले. सगळ्यांच्या मागून मीही उठलो. दुधाचे कॅन न्यायच्या घसरगाडीवर घालून विमलला ननांच्या इस्पितळात नेलं.

मुलगी होती. रडली नाही.

विमल शुद्धीवर आली तेव्हा मी उशाशी होतो. तिला म्हणालो, “वर मशीनपाशी होतो गं. निरोप मिळाला तसा धावत आलो.” तेवढ्यात फ्राऊ लेष्नर सूप घेऊन आली. खाटेपाशी उभी राहिली आणि जर्मनमध्ये मला म्हणाली, “सांग तिला. ती हाका मारत होती तेव्हा तू माझ्या टेबलाशी बसला होतास. सांग.”

विमल माझ्याकडे बघत होती. “काय म्हणताहेत हो त्या?”

मी म्हणालो, “त्या म्हणताहेत, तू फार धीराची आहेस.”

विमलनं त्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “डांके,” म्हणाली, “डांके.” आभाराचा तेवढा एकच शब्द तिला येत होता. फ्राऊ लेष्नरनं माझ्याकडे पाहिलं. सूप ठेवलं आणि निघून गेली.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. पुण्याला परत आल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच. मग विमल सांगायची — नणंदेला, शेजारणीला, शेवटच्या आजारात औषध द्यायला येणाऱ्या नर्सलासुद्धा. मी तिची उशी नीट करत होतो, तेव्हाही तेच: “हे वर होते हो, मशीनपाशी. त्या घरघरीत माझी हाक कशी ऐकू जाणार? ऐकली असती तर अनवाणी धावत आले असते.”

मी वर नव्हतो. खाली होतो, खिडकीपाशी. पहिलीच हाक मी ऐकली होती.